गंगाधरपंतांचे पानिपत आणि नारळीकरांचे विश्व

२० मे २०२५ रोजी जयंत विष्णू नारळीकर पुण्यात निवर्तले, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. त्यानंतर आमच्या वाचनात जे मृत्युलेख आले त्यांचे दोन गठ्ठे सहज करता येतात. एका गठ्ठ्यात केंब्रिज, फ्रेड हॉइल, पद्मभूषण, आयुका आहे; दुसऱ्यात ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आणि साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आहे. पहिल्या गठ्ठ्यातला लेखक कथांना एका वाक्यात उरकतो, तर दुसऱ्यातला खगोलभौतिकीला दुरून नमस्कार करतो. आपल्या मराठी विभागांतही याहून निराळे घडत नाही. विज्ञानसाहित्य या घटकाखाली नारळीकर येतात, त्यांनी ‘मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली’ हे वाक्य उत्तरपत्रिकांतून नेमाने येते आणि तेवढ्यावर गुण देऊन आपण मोकळे होतो. हे दोन गठ्ठे एकत्र बांधल्याखेरीज नारळीकरांच्या एका तरी महत्त्वाच्या कथेचा अर्थ पुरता लागत नाही, असे आमचे म्हणणे आहे. ती कथा म्हणजे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिच्यापर्यंत पोहोचायला मात्र बनारस आणि केंब्रिज या वाटेने जावे लागते.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला, पण बालपण गेले ते बनारस हिंदू विद्यापीठाच्या परिसरात. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे केंब्रिजमध्ये शिकून आलेले गणिती. १९३२ मध्ये मदनमोहन मालवीयांच्या निमंत्रणावरून ते बनारसला गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. आई सुमती संस्कृतच्या व्यासंगी. घरात मराठी, शाळेत हिंदी, आईच्या तोंडी संस्कृत आणि वडिलांच्या पुस्तकांत इंग्रजी, असा तो भाषांचा संगम होता. या घराच्या भिंतीवर फळे होते. शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहायला आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्या फळ्यावर भाच्यासाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवीत आणि वर त्याच्या नावाची आद्याक्षरे घालून ते आव्हान असल्याचे नमूद करीत. मुलाने ते सोडवीपर्यंत किंवा हार मान्य करीपर्यंत गणित पुसले जात नसे. नारळीकरांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. आम्हांला तिच्यातली पुसण्याची अट लक्षणीय वाटते. उत्तर मिळेपर्यंत प्रश्न डोळ्यांसमोर राहिला पाहिजे, त्याच्याकडे पाठ फिरवायची मुभा नाही. हार मान्य करण्याची मुभा मात्र आहे.

१९५७ मध्ये बनारसची बी.एस्‌सी. संपवून नारळीकर केंब्रिजला गेले. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत रँग्लर झाले, १९६० मध्ये खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक मिळाले आणि संशोधनासाठी त्यांनी मार्गदर्शक निवडला तो फ्रेड हॉइल. हॉइल हे त्या काळातले मोठे नाव होतेच, पण ते अल्पमतातले नावही होते. १९४८ मध्ये हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि हॉइल यांनी स्थिरस्थिती सिद्धान्त मांडला होता. विश्व प्रसरण पावते आहे, दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे त्यांना मान्य होते. त्यावरून मागे मागे जात एका क्षणी सारे विश्व एका बिंदूतून उसळले असा निष्कर्ष काढणे मात्र मान्य नव्हते. दीर्घिका दूर गेल्याने जी पोकळी पडेल ती भरून काढण्यापुरते नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते, असे त्यांनी सुचविले. हे प्रमाण इतके अल्प, की एक घनमीटर जागेत एखादा हायड्रोजनचा अणू जन्माला यायला अब्जावधी वर्षे लागावीत. असे विश्व कोणत्याही काळी पाहिले तरी सारखेच दिसेल. त्याला आरंभ नाही आणि अंतही नाही. प्रतिपक्षाच्या सिद्धान्ताला ‘बिग बँग’ हे नाव १९४९ मध्ये बीबीसीवरील भाषणात हॉइल यांनीच दिले. नाव दिले विरोधकाने आणि प्रचारात आणले अनुयायांनी, ही गोष्ट वाङ्मयीन संप्रदायांच्या नावांचा इतिहास ठाऊक असणाऱ्यांना नवी वाटणार नाही.

१९६१ च्या आरंभी केंब्रिजमधल्याच मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी जाहीर केली. स्थिरस्थिती सिद्धान्त खरा असेल तर क्षीण, म्हणजे दूरच्या, स्रोतांची जी संख्या यायला हवी तिच्याहून ती जास्त येत होती. दूर पाहणे म्हणजे मागच्या काळात पाहणे. तेव्हा पूर्वीचे विश्व आजच्यापेक्षा निराळे होते, सबब स्थिरस्थिती खोटी, असा राइल यांचा युक्तिवाद होता. वृत्तपत्रांत गाजावाजा झाला. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत याला उत्तर द्यायचे होते आणि हॉइल यांनी त्या दिवशी दुसरीकडे जाण्याचे आधीच कबूल केले होते. उत्तर द्यायला उभे राहिले बावीस वर्षांचे नारळीकर. त्यांना संशोधनाला लागून जेमतेम काही महिने झाले होते, आणि समोर राइल. गुरुशिष्यांचा मुद्दा असा होता : विश्व मोठ्या प्रमाणावर एकसारखे आहे हे खरे, पण दीर्घिकांचे समूह आणि त्या समूहांचेही समूह असतील, तर दहापंधरा कोटी प्रकाशवर्षांच्या टप्प्यात ते एकसारखे असणार नाही. आपण एखाद्या विरळ भागात असलो, तर जवळचे स्रोत कमी आणि दूरचे जास्त दिसतीलच. त्या वेळी हा बचाव अनेकांना ओढूनताणून आणलेला वाटला. पुढे १९८० च्या दशकात दीर्घिकांचे महासमूह आणि त्यांच्यामधल्या प्रचंड पोकळ्या निरीक्षणांतून खरोखर दिसू लागल्या. अर्थात त्यामुळे राइल यांचा मुख्य मुद्दा खोटा ठरला नाही. हरलेल्या पक्षाचे एखादे विधान पुढे खरे निघाले म्हणून तो पक्ष मागाहून जिंकत नाही.

याच वर्षी एका उन्हाळी अभ्यासवर्गात नारळीकरांना फार प्रश्न विचारणारा एक विद्यार्थी भेटला. दोघांमध्ये टेबल टेनिसचा सामना झाला आणि तो नारळीकरांनी जिंकला. विद्यार्थ्याचे नाव स्टीव्हन हॉकिंग. तीन वर्षांनी हिशेब फिरला. हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्त रचला होता. त्याच्या मुळाशी माखची कल्पना होती : वस्तूचे जडत्व हा तिचा एकटीचा गुण नसून उरलेल्या साऱ्या विश्वाच्या असण्यामुळे तो तिला लाभतो. (तत्त्वचिंतनाची आवड असणाऱ्यांनी या वाक्यापाशी क्षणभर थांबावे.) नारळीकरांनी आपली आकडेमोड शेजारच्या खोलीत काम करणाऱ्या हॉकिंग यांच्यापासून लपवली नव्हती. जून १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉइल यांनी हा सिद्धान्त मांडल्यावर हॉकिंग उठले आणि एक राशी अनंत येते, असे म्हणाले. हे तुला कशावरून कळले, या प्रश्नाला मी ती काढून पाहिली, असे त्यांचे उत्तर होते. हॉइल चिडले. आपल्या वह्या दुसऱ्याला मोकळेपणाने दाखवल्याची ही किंमत होती. नारळीकरांनी त्याबद्दल हॉकिंग यांच्याशी वैर धरल्याचे कुठे दिसत नाही.

१९६५ हे वर्ष त्यांच्या चरित्रात विचित्र आहे. सव्विसाव्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. नवा सिद्धान्त मांडणारा भारतीय तरुण म्हणून देशभर त्यांच्या व्याख्यानांना गर्दी लोटली. त्याच वर्षी अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी सारख्याच प्रमाणात येणारे सूक्ष्मतरंगांचे प्रारण सापडल्याचे जाहीर केले. महास्फोटानंतरच्या तप्त विश्वाची ती निवलेली धग आहे, हा अर्थ बहुतेकांना लगेच पटला. स्थिरस्थिती सिद्धान्ताकडे या धगीचे सहजासहजी देता येईल असे स्पष्टीकरण नव्हते. मराठीत अशा प्रसंगाला एक शब्द आहे, आणि तो नारळीकरांना चांगला ठाऊक होता.

हॉइल यांनी १९७२ मध्ये केंब्रिज सोडले. त्याच वर्षी नारळीकर मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. दोन वर्षांनी, अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना, समोरच्या कागदांवर त्यांनी एक गोष्ट लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेला ती पाठवताना आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. आपली आद्याक्षरे उलटी केली की हे नाव तयार होते. हस्ताक्षर ओळखू येईल म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली. ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हा किस्सा सर्वांना माहीत आहे आणि तो गंमत म्हणून सांगितला जातो. पण लेखकाचे नाव काढून घेतल्यावर लेखन टिकते की नाही हे पाहणे ही प्रयोगशाळेतली रीत आहे. आपल्याकडे कविता आणि कवीचे नाव वेगळे करून मूल्यमापन करावे असे रिचर्ड्‌सच्या आधाराने वर्गात शिकवले जाते. स्वतःच्या बाबतीत ते करून पाहणारे प्रथितयश लेखक फार आठवत नाहीत.

मराठीत विज्ञानकथा त्यांच्यापासून सुरू झाली नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला होता. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रकार निरनिराळ्या दिशांनी वाढवला, आणि निव्वळ कथा म्हणून पाहिले तर लोंढे किंवा जावडेकर यांची काही पाने नारळीकरांपेक्षा सरस आहेत असे आमचे मत आहे. नारळीकरांची पात्रे बहुधा एकाच रेषेत चालतात. शास्त्रज्ञ शास्त्रज्ञासारखे बोलतो, मंत्री मंत्र्यासारखा. स्त्रीपात्रे क्वचितच स्वतःच्या पायांवर उभी राहतात. निवेदन स्वच्छ असते, पण त्या स्वच्छतेत छाया फार कमी. ही उणीव त्यांच्याबद्दलच्या आदरापोटी झाकू नये.

मात्र त्यांच्या शीर्षकांकडे पाहावे. यक्ष, वामन, भस्मासुर, प्रेषित. परग्रहावरच्या, संगणकाच्या आणि सूक्ष्मजंतूंच्या कथांना त्यांनी पुराणांच्या खजिन्यातली नावे दिली. आणि ती शोभेला दिलेली नाहीत. तीन पावलांत सारे व्यापणारा वामन हा मूळ कथेत देव आहे. इथे तो मनुष्याने निर्माण केलेल्या बुद्धीचे रूप घेतो आणि प्रश्न उभा राहतो तो पाताळात कोण जाणार हा. पुराणात सर्व विज्ञान आधीच होते असे सांगणाऱ्यांशी नारळीकरांनी आयुष्यभर वाद घातला, पण पुराण ही मराठी वाचकाच्या कल्पनाशक्तीची मायबोली आहे हे त्यांनी ओळखले होते. ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञ वळवतात आणि इकडे घरात अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ होतो. संकट टळल्यावर श्रेय कुणाचे, याचा निवाडा घरच्यांच्या लेखी विज्ञानाच्या बाजूने लागत नाही, आणि लेखक त्यांना उपदेश करीत बसत नाही.

आता गंगाधरपंत. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. अध्यक्षीय भाषणांची सहस्रपूर्ती त्यांना पानिपतावरच्या परिसंवादात करायची आहे. मराठे पानिपतात जिंकले असते तर काय झाले असते, या विचारात असताना त्यांना अपघात होतो आणि ते अशा मुंबईत येऊन पोहोचतात जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. ओळखीच्या कचेरीत मुलाची चौकशी केली तर तिथे त्या नावाचे कुणी नाही. गंगाधरपंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात जातात आणि आपणच लिहिलेल्या इतिहासाचे पाच खंड काढून बसतात. चार खंड त्यांना माहीत आहे तसेच. पाचव्या खंडात पानिपतापाशी इतिहास वाट सोडतो. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी या इतिहासात कानाजवळून निसटून जाते, मराठे जिंकतात, पेशवे स्वतःची विज्ञानकेंद्रे काढतात, इंग्रजांना मुंबई उरते ती भाडेपट्ट्याने. संध्याकाळी ते आझाद मैदानावरच्या सभेत शिरतात, व्यासपीठावरची रिकामी खुर्ची पाहून सवयीने तिच्यावर जाऊन बसतात आणि भाषण सुरू करतात. या जगाने अध्यक्षांची भाषणे ऐकण्याची प्रथा कधीच मोडीत काढलेली असते. श्रोते त्यांना टोमॅटो मारून उतरवू पाहतात आणि त्याच गोंधळात गंगाधरपंत परत आपल्या जगात येतात. पुराव्यादाखल खिशात असते ते भाऊसाहेबांच्या बखरीचे एक फाटके पान.

या कथेत विनोद आहे, व्याख्यानबाजीवरचा टोला आहे, आणि शेवटी राजेंद्र देशपांडे हे शास्त्रज्ञ मित्र पुंजभौतिकीच्या आधाराने जे स्पष्टीकरण देतात ते विज्ञानकथेच्या नियमाला धरून आहे. इलेक्ट्रॉन कुठे असेल हे जसे निश्चित सांगता येत नाही, तसे जगाच्याही अनेक शक्यता असू शकतात, निरीक्षकाला त्यांतली एक दिसते. एम.ए.च्या वर्गात ही कथा ‘पर्यायी इतिहास’ या नावाखाली लावली की विद्यार्थी तिच्यात मराठ्यांचे स्वप्नरंजन शोधतात, आणि ते सापडतेही. आम्ही तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. ज्याच्या सिद्धान्ताचे पानिपत झाले त्या माणसाने पराभूत पक्षाला वाचवणारी गोळीची कथा लिहिली आहे. आत्मचरित्र म्हणून ती वाचावी असे आम्ही सुचवीत नाही. विश्वासराव म्हणजे हॉइल नव्हेत. पण इतिहास जेत्यांनी लिहिला की तो अपरिहार्य भासू लागतो, आणि ते अपरिहार्यपण तपासले पाहिजे, हा ध्यास कथेत आणि विश्वशास्त्रात एकच आहे. आणि कथेतल्या गंगाधरपंतांना आपल्या जगात परत यावेच लागते, हेही विसरता येत नाही. त्यांच्या हाती पाच खंड उरत नाहीत, एक पान उरते.

जाता जाता एक योगायोग. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. विज्ञानलेखकाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. प्रकृतीमुळे ते संमेलनाला प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीवर गंगाधरपंतांच्या जनकाने काय टिप्पणी केली असती याची कल्पना ज्याने त्याने करावी.

नारळीकर स्वतः आपल्या पाचव्या खंडातून परत आले का, हा प्रश्न टाळता येत नाही. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि ते, अशा तिघांनी स्थिरस्थिती सिद्धान्त सुधारून मांडला. या नव्या रूपात विश्व एका दीर्घ काळाच्या पटावर प्रसरण पावते, पण त्याच वेळी आकुंचन-प्रसरणाचे फेरेही चालू असतात. द्रव्य संथपणे सर्वत्र जन्मत नाही, तर अतिघन ठिकाणी छोट्या छोट्या स्फोटांतून जन्मते. आणि पार्श्वभूमीचे प्रारण म्हणजे आधीच्या फेऱ्यांतल्या ताऱ्यांचा प्रकाश, जो अवकाशातल्या लोहाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा उत्सर्जित केल्यामुळे सारखा झालेला आहे. बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञांना हे पटले नाही. उपग्रहांनी त्या प्रारणातले अतिसूक्ष्म चढउतार मोजल्यावर प्रस्थापित सिद्धान्ताचे पारडे आणखी जड झाले. लोहाच्या सुया आम्हांला हरणाऱ्या पक्षाच्या शेवटच्या वकिलीसारख्या वाटतात, हे कबूल करणे प्रामाणिकपणाचे होईल. दुसऱ्या बाजूने, महास्फोटाच्या सिद्धान्तालाही अदृश्य द्रव्य आणि अदृश्य ऊर्जा यांची जोड द्यावी लागली आहे आणि ती कशाची बनली आहेत हे कुणी सांगू शकलेले नाही, याकडे नारळीकर बोट दाखवीत. एकाची कल्पित सुई आणि दुसऱ्याचे कल्पित द्रव्य यांना वेगळी मापे का, हा त्यांचा प्रश्न होता. त्याला उत्तर आहे : दुसऱ्या कल्पनेने अधिक निरीक्षणे अधिक अचूक जुळतात. पण प्रश्न विचारणारा फळ्यासमोर उभा होता, फळा पुसून टाकत नव्हता.

कसोटी स्वतःला जशी लावायची तशी इतरांनाही, हे त्यांनी फलज्योतिषाच्या बाबतीत करून दाखवले. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्या सहकार्याने २००८ मध्ये त्यांनी एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका तयार केल्या, त्या मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवून कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे दिली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडवले असते तर ५० च्या आसपास आले असते. निष्कर्ष २००९ मध्ये शोधपत्रिकेत छापले गेले. ज्योतिषांना मूर्ख न ठरवता, त्यांच्याच विद्येच्या भाषेत, त्यांना मान्य होईल असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायचा, ही या प्रयोगाची सभ्यता होती.

शिक्षक म्हणून त्यांचे मोठे काम म्हणजे आयुका. यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना त्यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात हे केंद्र स्थापन झाले आणि २००३ पर्यंत नारळीकर त्याचे संचालक होते. अजित केंभावी आणि नरेश दधीच हे सुरुवातीपासूनचे सहकारी. संशोधनसंस्था आणि विद्यापीठे यांच्यात आपल्याकडे जी भिंत आहे ती इथे मोडायची होती. लहान गावातल्या महाविद्यालयात भौतिकी शिकवणाऱ्या अध्यापकाला इथे येऊन राहता यावे, ग्रंथालय आणि संगणक वापरता यावा आणि परत जाऊन आपल्याच विद्यार्थ्यांबरोबर संशोधन करता यावे, ही कल्पना. महाविद्यालयीन अध्यापकाच्या वाट्याला येणारे वेळापत्रक आणि अहवाल माहीत असल्यामुळे आम्हांला या कल्पनेची असूया वाटते. मराठीच्या अध्यापकांसाठी असे एक केंद्र असते तर! चार्ल्स कोरियांनी रचलेल्या त्या वास्तूच्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने सुरू झाली. मुलांच्या विज्ञानशोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून उभी राहिली आणि तिचे नाव ठेवले ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतला एक तारा आणि त्याच्या पहिल्या दोन अक्षरांत पु.ल. हा श्लेष खुद्द पुलंना आवडला असता.

व्याख्यानानंतर मुले सहीसाठी वह्या पुढे करीत. नारळीकर वहीवर सही देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न विचारून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल, असे ते सांगत. मोरूमामांच्या फळ्याचीच ही पोस्टाने चालणारी आवृत्ती होती, फक्त आता आव्हान देण्याचा अधिकार मुलाकडे गेला होता.

संशोधन, संस्था, कथा, लेख, व्याख्याने आणि ही पत्रे एका माणसाच्या दिवसात कशी मावली, याचे उत्तर ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात अंशतः मिळते. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे अशी ती चार नगरे. या पुस्तकाला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उरलेले उत्तर दुसरीकडे आहे. पत्नी मंगला राजवाडे-नारळीकर या स्वतः गणिती. १९६६ मध्ये विवाह झाला तेव्हा त्या टाटा संस्थेत संशोधन करीत होत्या. मग केंब्रिज, तीन मुली, सासू-सासरे, पाहुणे. संख्याशास्त्राशी गल्लत होऊ नये म्हणून सांगतो, त्यांचा विषय अंकसिद्धान्त, त्यातली पीएच.डी. त्यांनी मिळवली ती १९८१ मध्ये, अडतिसाव्या वर्षी. भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांवरच्या ‘लीलावतीज डॉटर्स’ या २००८ च्या संग्रहात त्यांनी आपली कहाणी सांगितली आहे. आपल्या पिढीतल्या अनेक शिकलेल्या स्त्रियांप्रमाणे आपणही घरच्या जबाबदाऱ्यांना कामाच्या आधी स्थान दिले, असे त्या तिथे निरलंकार भाषेत नोंदवतात. त्यात तक्रार नाही, पण हिशेब आहे. ‘कृष्णविवर’ची स्पर्धेला गेलेली प्रत त्यांच्या अक्षरात होती, हा तपशील त्या हिशेबाशेजारी ठेवून पाहावा.

मराठी भाषेशी त्यांचा थेट सामना मात्र पतीपेक्षा अधिक तिखट झाला. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. मंगलाताई त्या विषयाच्या समितीच्या प्रमुख होत्या. आपण लिहिताना आधी दशक आणि मग एकक लिहितो, बोलताना उलट बोलतो, त्यातून लहान मुले अडखळतात. दक्षिणेकडच्या भाषांत हा घोळ नाही. जुनी नावे काढलेली नाहीत, शिकण्यासाठी एक सोपी पायरी दिली आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. विरोधकांत भाषेवर प्रेम करणारी आमच्यासारखी माणसे पुष्कळ होती. त्रेपन्न, सत्त्याहत्तर, एकोणनव्वद या शब्दांतला नाद आणि त्यांच्यामागचा प्राकृताचा इतिहास आम्हांलाही प्रिय आहे. पण दुसरीतल्या मुलाला तो नाद कानी पडण्याआधी संख्या कळायला हवी, हा मंगलाताईंचा मुद्दा त्या गदारोळात फार थोड्यांनी ऐकून घेतला. १७ जुलै २०२३ रोजी त्या गेल्या. त्यांचे ‘गणितगप्पा’ मराठीच्या विद्यार्थ्यांनी ‘आकाशाशी जडले नाते’च्या जोडीने वाचावे. अपूर्णांकापासून अनंतापर्यंतच्या गोष्टी साध्या मराठीत सांगायच्या असतील तर वाक्य किती लांब असावे आणि उदाहरण कुठे थांबवावे, हे त्यात पानोपानी दिसते.